पण कोणाची?

‘हे काय आहे, सांग बघू?’

नानांनी असं विचारलं की गप्प बसावं. सुरुवातीला मी उत्तर द्यायचो. समोर दोन-सव्वादोन फुटांचं, गंजून चॉकलेटी झालेलं पातं असायचं. एका अंगाला लाकडी मूठ, खाली दाते. बालवाडीतलं पोरही सांगेल की ही करवत आहे. मी तसं सांगितलं की नाना चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायचे आणि समजुतीच्या सुरात म्हणायचे, ‘करवत तर आहेच रे. पण कोणाची?’

गावाकडे पारावर बसलेले म्हातारे वाटेनं जाणाऱ्या पोराला थांबवून ‘कोणाचा रे तू?’ म्हणून विचारतात आणि त्याच्या पणजोबापर्यंत पोचल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. नाना त्याच चालीवर गंजक्या करवतींची चौकशी करतात. फरक एवढाच, की पोराला निदान पळून जाता येतं.

नाना आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. उभी हयात सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. लाकडाशी आलेला संबंध म्हणाल तर टेबल, खुर्ची आणि पेन्सिल. घरात खिळा ठोकायचा असला तर तो काकू ठोकतात, कारण खिळा नेमका कुठे ठोकावा याचा नानांचा विचार पुरा होईपर्यंत कॅलेंडरचं वर्ष संपतं. अशा माणसाकडे आज बावीस करवती आहेत. परवापरवापर्यंत त्यांतली एकही त्यांनी कधी लाकडाला लावलेली नव्हती.

अशी माणसं प्रत्येक वस्तीत एखाददुसरी असतातच. कोणी बंद पडलेले रेडिओ जमवतो, कोणी चावीची घड्याळं, कोणी पितळी स्टोव्ह. पण त्यांच्या वस्तू दिवाणखान्यात मांडता येतात. पाहुणा ‘अरे वा, मर्फी!’ म्हणतो. करवत बघून ‘अरे वा’ म्हणणारा पाहुणा अजून जन्मायचाय. बहुतेक जण ‘धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना?’ एवढंच विचारतात.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नाना रविवारचे. (मुंबईच्या चोरबाजारातही ते एकदा जाऊन आले, पण तिथले भाव ऐकून मटन स्ट्रीटच्या तोंडाशीच चहा पिऊन परतले.) निघताना ते घरातला सगळ्यांत विटका सदरा घालतात आणि मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतात. बाजारात शिरल्यावर करवतीकडे बघायचं नाही, हा पहिला नियम. आधी एखाद्या कुलपाची किंमत विचारायची, ते उलटंसुलटं करून खाली ठेवायचं, मग नळाच्या तोट्या चिवडायच्या, आणि उठता उठता पायाशी करवत आत्ताच दिसली असं दाखवून म्हणायचं, ‘आणि हे काय भंगार?’

हे सगळं बेमालूम जमतं अशी नानांची समजूत आहे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. नाना कुलपात गुंतलेले असताना त्या विकणाऱ्या पोरानं मागच्या गोणपाटाखालून तीन करवती ओढून काढल्या, नानांच्या पायाशी नीट मांडल्या आणि स्वतः भलतीकडे बघत उभा राहिला. दोघांचीही कामं उत्तम झाली. अडीचशेपासून सुरू झालेला सौदा एकशेवीसला पटला, आणि मी त्याला फसवला असा चेहरा करून दोघं आपापल्या वाटेला लागले.

याच पोरानं एकदा, गिऱ्हाईक नेहमीचं आहे म्हणून, आपण होऊन एक करवत मशीनवर तारेच्या ब्रशनं घासून लखलखीत करून ठेवली होती. नानांनी ती हातात घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची बाजू समजून घ्या. चांगल्या जुन्या करवतीच्या पात्यावर कारखान्याचं नाव आणि नक्षी आम्लानं उमटवलेली असते. ती इतकी उथळ असते की नखालासुद्धा लागत नाही. गंजाखाली ती शंभर वर्षं तग धरते, आणि तारेच्या ब्रशाखाली दोन मिनिटांत जाते. ‘अरे, नाव पुसलंस तू तिचं!’ नाना इतक्या कळवळ्यानं म्हणाले की शेजारचा चपलावाला उठून बघायला आला. तेव्हापासून तो पोरगा करवत पुढे करतानाच सांगतो, ‘काका, गंज जसाच्या तसा आहे. हात नाही लावला.’ आणि गंजाचे वीस रुपये वेगळे लावतो.

घरी आलेली करवत आधी गॅलरीत जाते. तिथे वर्तमानपत्र पसरलेलं, शेजारी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला बारीक पॉलिश पेपर आणि काकूंनी टाकून दिलेल्या, किंवा अजून टाकून न दिलेल्या, साडीचा तुकडा. पहिलं काम मूठ सोडवायची. जुन्या करवतींच्या मुठीला पितळी चाक्या असतात आणि चाकीच्या मधोमध स्क्रूचं टोक वर आलेलं असतं. साधा स्क्रू-ड्रायव्हर तिथे बसत नाही. त्याच्या टोकाला मधे खाच लागते. अशी चाकी म्हणजे बहुधा वय जास्त, म्हणून ती दिसली की नाना खूश. त्यांनी घरातल्या एकुलत्या एका चांगल्या स्क्रू-ड्रायव्हरला कानशीनं मधे खाच पाडली. तेव्हापासून त्यानं दुसरा कुठलाच स्क्रू फिरत नाही. मिक्सर उघडायचा झाला तर काकू सुरीचं टोक वापरतात.

मुठीवरची एक चाकी बाकीच्यांपेक्षा मोठी असते आणि तिच्यावर छाप असतो. नाना तिला बिल्ला म्हणतात. त्यांच्या पहिल्या करवतीचा बिल्ला घासल्यावर त्यातून एक गरुड निघाला आणि भोवती अक्षरं निघाली, ‘वॉरंटेड सुपिरियर’. नानांनी लगेच वॉरंटेड सुपिरियर कंपनीचा इतिहास शोधायला घेतला. ही कंपनी केवढी अवाढव्य असली पाहिजे हे आम्ही जिन्यात ऐकलं, वाण्याकडे ऐकलं, एका बारशातही ऐकलं. अमेरिकेत बघावं तर तिच्या करवती, इंग्लंडात बघावं तर तिच्याच! पुढे उलगडा झाला की अशी कंपनीच नव्हती. कितीतरी कारखाने आपला दुय्यम माल, किंवा दुकानदारांसाठी काढलेला बिननावाचा माल, हाच छाप मारून विकायचे. त्यानंतर आठवडाभर नाना जिन्यात दिसले नाहीत.

तिथून ते डिस्टनकडे वळले आणि आमचे खरे हाल सुरू झाले. हेन्री डिस्टन १८१९ साली इंग्लंडातल्या ट्यूक्सबरी गावी जन्मला. चौदाव्या वर्षी बापाबरोबर फिलाडेल्फियाला उतरला आणि तीन दिवसांत बाप वारला. पोरगं एका करवत करणाऱ्याकडे उमेदवारीला लागलं, १८४० मध्ये त्यानं स्वतःचा धंदा काढला आणि तो इतका वाढवला की पुढे जगभरचे सुतार त्याचं नाव बघून करवत घेऊ लागले. ही हकिगत सांगताना ‘तीन दिवसांत बाप गेला हो’ या वाक्याशी नाना दरवेळी थांबतात. आवाज उतरतो. आतून काकू घाबऱ्या होऊन विचारतात, ‘अगं बाई, कोण गेलं?’

डिस्टननं १८६५ मध्ये मुलाला भागीदार केलं तेव्हा बिल्ल्यावर ‘अँड सन’ आलं. १८७१ मध्ये त्याचं ‘अँड सन्स’ झालं. म्हणजे शेवटी ‘एस’ नसेल तर करवत त्या मधल्या पाच-सहा वर्षांतलीच. नानांकडच्या एका बिल्ल्यावर नेमका त्याच जागी कधीतरी घाव बसलेला आहे. तिथे आहे तो एस की चरा, हा आमच्या इमारतीतला सगळ्यांत जुना वाद. पार्किंगचा त्यानंतरचा. नाना येईल त्याच्या हातात भिंग देतात. गॅसवाल्याच्या मते एस, माझ्या मेहुण्याच्या मते चरा, विमा एजंटानं ‘काका, तुम्ही म्हणाल ते’ असं सांगितल्यामुळे त्याचं मत बाद. प्रत्येकाचं मत तारखेनिशी वहीत आहे. हल्ली बरेच जण नानांकडे जाताना चष्मा घरी विसरतात.

वहीबद्दल सांगायला हवं. कचेरीतल्यासारखी लाल पुठ्ठ्याची, उभे रकाने आखलेली. कारखाना, गाव, साल, चाक्या, आकडा, शेरा. ‘आकडा’ हा पाहुण्यांसाठी सापळा आहे. पात्याच्या मुठीकडच्या कोपऱ्यात एक आकडा ठोकलेला असतो, समजा १०. नाना पट्टी देऊन पाहुण्याला इंचभरात किती दाते येतात ते मोजायला लावतात. पाहुणा चहा निवत ठेवून मोजतो आणि नऊ म्हणतो. ‘पुन्हा मोजा.’ पुन्हा नऊ. ‘मग दहा का लिहिलंय?’ पाहुणा ओशाळतो. आपलं गणित कच्चं होतं हे इतक्या वर्षांनी पुन्हा निघालेलं बघून तो बिस्किटाला हातही लावत नाही. मग नाना उकल करतात. आकडा दात्यांचा नाहीच, टोकांचा. इंचाच्या दोन्ही कडांवरची टोकं धरायची, ती दहा. दाते नऊ. उत्तर बरोबर होतं हे कळूनही पाहुण्याला जिंकल्यासारखं वाटत नाही, यातच नानांचं यश.

शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यांत जास्त शाई त्या उंचवट्यावर खर्च झाली आहे. कित्येक जुन्या करवतींच्या पाठीवर, टोकाजवळ, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक उंचवटा असतो. तो कशाला ठेवला हे कोणीही छातीठोकपणे सांगत नाही. डिस्टनच्याच माहितीपुस्तकात छापलं होतं की याचा काडीचा उपयोग नाही, नुसता शोभेला आहे. नानांना हे मान्य नाही. ‘कारखानदार माणूस उगाच पोलाद वाया घालवील?’ मग तर्क. दात्यांवर लाकडी पट्टीचं म्यान बसवायचं, तर त्याची दोरी अडकवायला. लाकडावर पहिली चीर पाडायला. माझा धाकटा म्हणाला, ‘पाठ खाजवायला.’ तोही तर्क नावासकट वहीत आहे, आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांपेक्षा तोच मला जास्त पटतो.

काकूंचा करवतींवर राग नाही. त्यांचं भांडण चिंचेवरून आहे. बिल्ला वाचण्यापुरता उजळायला नानांना चिंच लागते आणि ती ते ओंजळीनं नेतात. मग त्या दिवशी आमटीत कोकम पडतं. वाटी आमच्याकडेही येते. पहिल्या भुरक्यालाच बायको म्हणते, ‘वर नवी आली वाटतं.’

पुण्यात असली हत्यारं येतात कुठून, हे मी नानांना मुद्दाम विचारलं होतं. (मुद्दाम म्हणजे, त्या दिवशी वीज गेली होती.) खडकीचे लष्करी कारखाने, रेल्वे, बांधकाम खातं. गोऱ्या साहेबाचं खातं म्हटलं की शेफील्डचं हत्यार आलं. पात्यावर बाणाच्या टोकाची खूण सापडली तर ब्रिटिश सरकारची मालमत्ता. नानांकडे अशी एक आहे. ती ते दाखवतात, पण आवाज खाली आणून. आपल्या घरात सरकारी मालमत्ता आहे ही जाणीव जुन्या हिशेबतपासनिसाला अजून झोंबते.

यंदाच्या उन्हाळ्यात आणलेल्या करवतीनं मात्र नानांना पुरं केलं. पॉलिश पेपर फिरता फिरता आधी ‘शेफील्ड’ उमटलं, मग ‘कास्ट स्टील’, आणि मग १७६० सालापासूनचं घराणं असलेले ‘स्पिअर अँड जॅक्सन’. मला रात्री साडेनऊला वर बोलावणं आलं. शेफील्डचं हे पोलाद म्हणजे मुळात हंट्समन नावाच्या घड्याळजीची करामत. चांगल्या स्प्रिंगा मिळेनात म्हणून त्यानं १७४० च्या दशकात बंद मुशीत पोलाद वितळवलं आणि त्यावर सगळं शेफील्ड उभं राहिलं. हे ऐकून मी उठणार एवढ्यात नानांनी पातं दिव्याखाली धरलं. मुठीच्या वरच्या अंगाला ठोकलेली तीन अक्षरं: जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला! जिची गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि जी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विरून गेली, ती. ‘जन्म शेफील्डचा, नोकरी रेल्वेत,’ नाना म्हणाले. निवृत्तिवेतनाचे कागद सापडले असते तर तेही त्यांनी वहीला जोडले असते.

अडलं ते पुढे. मूठ तेलानं पुसल्यावर लाकडात खिळ्यानं ठोकलेले ठिपके दिसू लागले. ठिपक्यांचं अक्षर झालं, नानांनी ते ‘बी’ वाचलं. आता हा बी कोण? शेफील्डमधले बी आडनावाचे करवतवाले झाले, रेल्वेचे बी नावाचे साहेब झाले. दीड-दोन महिने आम्ही सगळे बीनं पछाडलेले होतो. एके दिवशी काकू कपडे वाळत घालायला गॅलरीत आल्या, नाना भिंग लावून बसले होते त्याच्या समोरच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘प कशाला लिहिलाय यावर? आपल्या तांब्यावर सासूबाईंचं नाव घातलंय ना ठिपक्यांनी, तस्संच आहे.’ नाना मूठ उलटी धरून बसले होते.

नानांनी चिंच जागेवर नेऊन ठेवली. यावरून धक्का किती मोठा होता ते समजावं.

हा ‘प’ कोण, ते काही दिवसांनी मिस्त्री सांगून गेले. स्वयंपाकघरातली एक फळी चार इंच कमी करायची होती. बावीस करवतींच्या घरात त्यासाठी बाहेरून माणूस बोलवायला लागावा याचं काकूंनाही आता काही वाटेनासं झालंय. मिस्त्री विजेचं कटर घेऊन आले. नानांनी त्यांना आधी गॅलरीत नेलं, ती करवत हातात दिली आणि नेहमीचा प्रश्न टाकला. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. टोक धरून पातं वाकवलं आणि सोडलं, ते झणकन सरळ झालं. टिचकी मारून नाद ऐकला. मग डोळ्यापुढे धरून दात्यांच्या ओळीवरून नजर नेली आणि हसले.

‘कोणाची?’ नानांनाच राहवलं नाही.

‘बसून काम करणाऱ्याची.’

नाना बघतच राहिले. मिस्त्रींनी बोट दात्यांवरून अलगद फिरवलं. ‘हे बघा काका, साहेबाची करवत ढकलताना कापते. हिचे दाते मुठीकडे वळवलेत. कानस मारून मारून उलटे केलेत, एकेक. ओढताना कापायला पाहिजे म्हणून. माझा आजा असाच कापायचा, खाली बसायचा, फळी पायानं दाबायचा आणि करवत आपल्याकडे ओढायचा. रेल्वेतून कुणा सुताराकडे आली असंल, त्यानं आपल्या हातासारखी करून घेतली. सोपं काम नाही. दोन दिवस तरी घातले असतील गड्यानं.’

नानांच्या शास्त्राप्रमाणे मूळचे दाते गेलेल्या करवतीला काडीची किंमत राहत नाही. ते मी त्यांच्याच तोंडून पन्नासदा ऐकलंय. त्यामुळे मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पण ते आत गेले, वही घेऊन आले आणि शेऱ्याच्या शेजारी उरलेल्या अर्ध्या इंचात पट्टीनं एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘वापरणारा’. खाली लिहिलं, ‘प. बसून.’ मग उरलेल्या एकवीस करवती बाहेर आल्या आणि मिस्त्रींपुढे रांगेनं मांडल्या गेल्या. हिला धार लावणारा घाईचा होता. ही भिजलेल्या लाकडाला वापरली. हिला कुणीच वापरलेलं नाही, नुसती भिंतीला होती. मिस्त्री सांगत होते, नाना लिहीत होते, मधून मधून ‘असं का?’ म्हणत होते. दोन चहा झाले. मिस्त्रींचा रोज भरला आणि फळी होती तेवढीच राहिली. जाताना मिस्त्री मला जिन्यात म्हणाले, ‘असली चार घरं मिळाली तर कटर विकून टाकीन.’

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी वरून हाक मारली म्हणून मी गेलो. नाना गॅलरीत जमिनीवर बसलेले, धोतर नव्हतं तरी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, ती फळी डाव्या पायाखाली दाबलेली आणि करवत हातात. फळीत दीड इंच चीर गेली होती. तिरकी होती, पण गेली होती. लेंग्यावर, चष्म्यावर, भुवयांवर भुसा. गुडघा धरल्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं आणि ते कबूल करायचं नव्हतं.

‘ओढताना आवाज ऐक,’ मला बघितल्याबरोबर ते म्हणाले. ‘ढकलताना येत नाही असा.’

‘ढकलून बघितलंत कधी?’ काकूंनी आतून विचारलं. ‘आणि मिस्त्री उद्या सकाळी येणार आहेत. तोवर तिथंच बसणार असाल तर पाट देते.’